तू बाहेर थांब

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पुढच्या रांगेत बसलेले माझे सगळे गुरुजन, आणि तीस वर्षांनंतरही मागच्या बाकांवरच्या आपापल्या जागा पकडून बसलेल्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून. मी त्यांना म्हटलं, त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांपाठोपाठ दोन-तीन व्हिडिओ येतातच. मला खेळावर बोलू द्या. ते म्हणाले, "खेळ? तू? तुला तर पीटीच्या तासाला कायम पोटात दुखायचं!" खरं आहे. सर समोरच बसले आहेत, त्यामुळे नाकारताही येत नाही. पण मी मैदानावरच्या खेळाबद्दल बोलणार नाही. लहान मूल एका कोपऱ्यात बसून, दोन बाहुल्या आणि चार भांडी घेऊन जे खेळतं, त्याबद्दल बोलणार आहे. त्याच खेळाचा आधार घेऊन मुलांच्या मनावर उपचार करता येतात. त्याला प्ले थेरपी म्हणतात, मराठीत क्रीडोपचार. चार वर्षांपूर्वी मला हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. माहीत कसा झाला, ते सांगते.

ही माझ्या मुलीची गोष्ट आहे. ती आता सहावीत आहे. इथे सांगू का, असं तिला विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "सांग, पण माझं नाव सांगू नकोस." तेव्हा नाव नाही.

एप्रिल २०२१. कोविडची दुसरी लाट. आमच्या घरी माझ्या सासूबाई होत्या. मुलीला त्यांनीच वाढवलं होतं. मी आणि माझा नवरा दोघंही नोकरी करणारे. तिची वेणी, तिचा वरणभात, तिचे सागरगोटे, सगळं आजीकडे. आजींना ताप आला, तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन खाली गेला, रात्री साडेदहाला रुग्णवाहिका आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं दारात उभी होती. मी मुलीला म्हटलं, "आतल्या खोलीत जा. दार लावून घे. बाहेर यायचं नाही. रडायचं नाही, शहाणी आहेस ना?" ती गेली. नऊ दिवसांनी आजी गेल्या. अंत्यदर्शन घरातल्या कुणालाच झालं नाही. आम्ही मुलीला सांगितलं, आजी देवाघरी गेली. तिने एकदाच विचारलं, "परत कधी येणार?" आम्ही काहीतरी उत्तर दिलं. त्यानंतर तिने विचारलं नाही. आम्ही एकमेकांना म्हणायचो, किती समजूतदार आहे पोर! आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसायचो.

फेब्रुवारी २०२२मध्ये शाळा पुन्हा नीट सुरू झाल्या. ती दुसरीत होती. रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. फाटकापाशी माझा हात सुटेना. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. मी बाथरूमचं दार लावलं की बाहेरून दार बडवायची. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, सगळं व्यवस्थित.

मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. पोटदुखी किती वाजता, आदल्या दिवशी काय खाल्लं, झोप किती, अंथरूण ओलं की कोरडं. कोरड्या रात्रीला एक चांदणी, पाच चांदण्यांना एक आईस्क्रीम. आणि रोज प्रश्न. शाळेत कुणी काही बोललं का? बाई रागावल्या का? कशाची भीती वाटते? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "माहीत नाही." मला वाटायचं ती लपवते आहे. आता कळतं, ती खरं सांगत होती. सात वर्षांच्या मुलीला आपल्या पोटात नेमकं काय दुखतं, ते शब्दांत माहीत नसतं. माझी चौकशी तिच्यासाठी उलटतपासणी होती.

शेवटी डॉक्टरांनीच एका बालमानसतज्ज्ञ ताईंचा पत्ता दिला. पहिल्या भेटीला त्यांनी फक्त आम्हा दोघांना बोलावलं. तासभर ऐकून घेतलं. मी विचारलं, किती सेशन लागतील? प्रोजेक्टच्या अंदाजपत्रकासारखं. त्या हसल्या आणि त्यांनीच मला विचारलं, "आजींसाठी तुम्ही मुलीसमोर कधी रडलात का?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

त्यांची खोली बघून मी जरा नाराजच झाले होते. जमिनीवर चटई. भिंतीलगत बुटकी मांडणी. तिच्यावर आईबाबा-आजीआजोबा-बाळ अशा बाहुल्या, भातुकली, डॉक्टरचा संच, दोन खेळण्यातले फोन, रुग्णवाहिका, बंब, वाघ, मगर, रबरी साप, सैनिक, चिकणमाती, रंग, बँडेजच्या पट्ट्या. मधोमध वाळूचा एक उथळ चौकोनी ट्रे. एकही महागडं खेळणं नाही, बॅटरीवर चालणारं तर नाहीच. ताईंनी नंतर सांगितलं, खेळणी मुद्दाम अशी निवडलेली असतात. काही घरातल्या जगाची, काही राग आणि भीती बाहेर काढायला, काही नुसतं घडवायला आणि मोडायला. जे खेळणं स्वतःच सगळं करून दाखवतं, त्याच्यात मुलाला स्वतःचं काही घालता येत नाही.

आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटं. आत काय झालं ते आम्हाला सांगितलं जाणार नाही, हा नियम. ते मुलीचं गुपित. काही धोक्याचं असेल तरच सांगणार. एरवी फक्त मोघम. मला हे पचायला जड गेलं. मी पैसे भरणार आणि मलाच रिपोर्ट नाही! महिन्याने ताई एवढंच म्हणाल्या, "बाहुल्यांची खूप काळजी घेते. त्यांचे हात फार वेळा धुते."

त्या दिवसांत मी रात्र-रात्र वाचत बसायचे. त्यातलं थोडं सांगते, कारण ही काही कालपरवा निघालेली टूम नाही.

१९२०मध्ये फ्रॉइडने आपल्या एका पुस्तकात स्वतःच्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ नोंदवून ठेवला. तो मुलगा दोरी बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या पडद्याआड फेकायचा, 'गेलं' अशा अर्थाचा आवाज काढायचा आणि दोरी ओढून ते परत दिसलं की खूश व्हायचा. पुन्हा पुन्हा. फ्रॉइडला वाटलं, हा आईच्या जाण्या-येण्याचा खेळ आहे. आई जाते तेव्हा बाळाच्या हातात काही नसतं. खेळात मात्र दोरी त्याच्या हातात असते. आपल्याकडे बुवाकुक खेळतात, त्यातली गंमतही हीच. त्यानंतर मेलनी क्लाइन आणि ॲना फ्रॉइड या दोघींनी मुलांवरच्या उपचारात खेळाला जागा दिली. त्या दोघींचं आपापसात फारसं पटलं नाही, पण मुलाला पलंगावर निजवून मोठ्यांसारखं बोलतं करता येत नाही, हे दोघींनाही दिसत होतं.

मला सगळ्यात आवडल्या त्या लंडनच्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड. १९२८मध्ये त्यांनी मुलांसाठी दवाखाना काढला. तिथे वाळूचे ट्रे ठेवले आणि कपाटात छोटी घरं, झाडं, माणसं, जनावरं. मुलं ट्रेमध्ये जे रचायची त्याला मुलांनीच नाव दिलं, 'जग'. आपापलं जग. हे वाचलं आणि मला आपल्या वाड्यातलं दिवाळीतलं अंगण आठवलं. घाटावरून पाटीभर माती आणायची, दगडविटांचा ढिगारा करून तो लिंपायचा, अळीव पेरायचे, गडावर महाराज, खाली मावळे, तळं, भुयार. तीन-चार दिवस जेवायची शुद्ध नसायची. त्या किल्ल्यावर कोण कुठे उभं राहणार ते आपण ठरवायचो, घरातलं एकही मोठं माणूस नाही. लोवेनफेल्डबाईंच्या ट्रेत आणि आपल्या किल्ल्यात फरक इतकाच, की ट्रेशेजारी एक जाणतं माणूस बसलेलं असतं, आणि ते फक्त बघत असतं.

ते बघणं कसं असावं, हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७च्या 'प्ले थेरपी' या पुस्तकात मांडलं. त्यांची आठ तत्त्वं आहेत. सगळी सांगत नाही. सार असं, की मूल जसं आहे तसं स्वीकारायचं, पुढे मूल आणि मागे आपण, घाई करायची नाही, आणि मर्यादा घालायच्या त्या अगदी लागतील तेवढ्याच. त्यांचंच 'डिब्ज' नावाच्या मुलावरचं पुस्तक १९६४मध्ये आलं. पाच वर्षांचा डिब्ज शाळेत बोलत नाही, टेबलाखाली बसून राहतो. बुद्धीने मंद असेल असं सगळ्यांना वाटतं. निघतो विलक्षण हुशार. त्याचे वडील शास्त्रज्ञ, आई डॉक्टर. घरात त्याची सतत परीक्षा चाललेली; हे येतं का, ते ओळखतोस का. तो भाग वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझाच एक्सेलचा तक्ता आला.

तीन महिन्यांनी ताई म्हणाल्या, आता घरी तुम्ही खेळायचं. आईवडिलांनाच हे शिकवायची पद्धत बर्नार्ड आणि लुईझ गर्नी या दांपत्याने १९६०च्या दशकात सुरू केली. आठवड्यातून एक दिवस, ठरलेली वेळ, अर्धा तास. त्या वेळेपुरताच उघडायचा खेळण्यांचा एक खोका. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि नियम माझ्यासाठी, तिच्यासाठी नाहीत. प्रश्न विचारायचा नाही. शिकवायचं नाही. चूक दुरुस्त करायची नाही. 'छान, शाब्बास' असंही म्हणायचं नाही, कारण मग मूल शाब्बासकीसाठी खेळायला लागतं. मी करायचं काय, तर जे दिसतं आणि जे तिला वाटत असावं, ते साध्या शब्दांत म्हणायचं. बस्स.

पहिल्या रविवारी मी दहा मिनिटांत नापास झाले. ती रंग कालवत होती. मी म्हटलं, "निळ्यात पिवळा मिसळला की कुठला रंग होतो, सांग बघू?" तिने ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "आई, हा अभ्यास आहे का?"

तिसऱ्या रविवारी तिने लाकडी ठोकळा उचलून माझ्या तोंडावर नेम धरला. यासाठीही एक शिकवलेली रीत होती. आधी भावना, मग मर्यादा, मग दुसरी वाट. मी म्हटलं, "तुला माझा खूप राग आलाय. पण मला मारायचं नाही. त्या उशीला मारू शकतेस." तिने उशीला मारलं. खूप मारलं. मला तोवर माहीतच नव्हतं की तिला माझा राग आलाय.

सहावा रविवार मी विसरणार नाही. तिने आजीची बाहुली पलंगावर ठेवली, अंगावर पांढरा रुमाल घातला. रुग्णवाहिका आणली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बाहेर थांब." मी दाराबाहेर गेले. तिने दार लावलं. मी माझ्याच घरात, माझ्याच खोलीच्या बंद दाराबाहेर उभी. आतून भोंग्याचा आवाज येतोय. ताईंनी शिकवल्याप्रमाणे मी बाहेरूनच बोलले, "मी बाहेर आहे. आत काय चाललंय ते मला दिसत नाही. मला भीती वाटतेय." क्षणभर काहीच नाही. मग आतून करड्या आवाजात उत्तर आलं, "रडायचं नाही. शहाणी आहेस ना?"

माझंच वाक्य. वर्षाहून जास्त काळ तिने ते सांभाळून ठेवलं होतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. ती छोट्या मुलीच्या बाहुलीचे हात वाटीतल्या पाण्यात घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिने हात धुतले नव्हते. म्हणून आजी आजारी पडली."

तुम्हाला आठवत असेल, त्या दिवसांत आपण सगळेच मुलांना काय सांगत होतो. हात धू. आजीजवळ जाऊ नको, आजीला होईल. काळजीपोटीच सांगत होतो. त्या वाक्याचा तिने सरळ हिशेब मांडला होता: मी आजीजवळ गेले, आजीला झालं. हा हिशेब पोटात घेऊन ती शहाण्यासारखी वागत होती.

माझ्या तोंडावर आलं होतं, "नाही गं राणी, असं काही नसतं!" कुठल्याही आईच्या येईल. पण मी तेव्हा तसं म्हटलं असतं, तर ती गप्प झाली असती, हे एव्हाना मला कळलं होतं. मी म्हटलं, "हिला वाटतंय, आपल्यामुळे आजी आजारी पडली." तिने मान हलवली. मी म्हटलं, "आणि खूप दिवसांपासून वाटतंय." ती म्हणाली, "हो. तिने कुणालाच नाही सांगितलं." मग अर्धा तास संपला. तिने सगळी खेळणी खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि भूक लागली म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दार उघडंच ठेवलं.

खरं काय ते सांगायचं काम आम्ही नंतर, खेळाच्या वेळेबाहेर केलं, दोघांनी मिळून. देवाघरी वगैरे न म्हणता सांगितलं की आजी वारली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. आजार कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. पण आजारी पडण्यात कुणाची चूक नसते, लहान मुलीची तर नाहीच. त्या संध्याकाळी आम्ही तिघंही रडलो. एप्रिलनंतर पहिल्यांदाच.

तुम्हाला वाटेल, झालं, गाठ सुटली. तसं झालं नाही. पुढच्या रविवारी तिने पुन्हा तोच खेळ मांडला. मला पुन्हा बाहेर थांबवलं. त्याच्या पुढच्या रविवारी दार अर्धवट उघडं ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारी आतून हाक आली, "आता आत ये. पाच मिनिटंच हं. आजीला झोपायचंय." नंतर तो खेळ तिचा तिनेच सोडला आणि दुकान-दुकान सुरू केलं. अंथरूण कोरडं राहायला आणखी दोन महिने लागले. सगळं मिळून आठेक महिने ताईंकडे जात होतो. अजूनही दरवर्षी एप्रिल जरा जडच जातो. पण आता ती सांगते, "आज आजीची आठवण येतेय."

हे कसं घडतं, याचा मी माझ्या धंद्याच्या भाषेत विचार केला. प्रोग्राममध्ये बग असेल, तर तो आपल्यासमोर पुन्हा घडवून दाखवता आला की अर्धं काम झालं. मूल खेळात तेच करतं. जे झेपलं नाही ते पुन्हा घडवतं; पण या वेळी लहान आकारात, बाहुल्यांवर, आणि सूत्रं स्वतःच्या हातात ठेवून. त्या रात्री ती दाराआड होती आणि मी बाहेर. खेळात तिने मला तिच्या जागी उभं केलं. ते कसं वाटतं हे मला शब्दांत सांगणं तिला शक्य नव्हतं. तिने मला ते अनुभवायला लावलं. फरक इतकाच, की बग आपण दुरुस्त करतो. इथे दुरुस्ती मूल करतं. आपण तिथे बसून राहायचं असतं.

आता हे शाळेत का सांगते आहे? कारण मला असं बसून राहणारं एक माणूस याच शाळेत भेटलं होतं.

३० सप्टेंबर १९९३. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती पोचवून सगळे दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडे नुकसान झालं नाही, पण घरातले मोठे उठून अंगणात बसले होते. पुढे कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत ती छायाचित्रं येत होती. आपण शाळेत जुने कपडे आणि धान्य गोळा केलं, आठवत असेल. माझा धाकटा भाऊ तेव्हा तिसरीत होता. त्याच्या वर्गात मुलांनी मधल्या सुट्टीत एक खेळ काढला. बाक हलवायचे, "भूकंप, भूकंप" ओरडायचं आणि सगळ्यांनी जमिनीवर पडायचं. बाकीच्या वर्गांत त्याबद्दल छड्या बसल्या. माणसं मेलीत आणि तुम्हाला खेळ सुचतो? भावाच्या वर्गशिक्षिका बाईंनी मात्र दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या पडलेल्या पोरांजवळ जाऊन म्हणाल्या, "आता यांना बाहेर कोण काढणार?" झालं! निम्मी पोरं जवान झाली, डॉक्टर झाली. बाक उचलले, जखमींना ओढून व्हरांड्यात आणलं, रुमालाच्या पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी पडकं गाव पुन्हा बांधायला घेतलं. भाऊ महिनाभर रात्री आईचा पदर धरून झोपायचा, तो हळूहळू आपल्या अंथरुणात झोपायला लागला.

बाईंना कुणी क्रीडोपचार शिकवला नव्हता. पण याच्याशी जोडलेली एक नोंद मला पुढे वाचायला मिळाली. जुलै १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात शाळेच्या बसमधल्या २६ मुलांचं अपहरण झालं. त्यांना जमिनीत पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडलं होतं. सगळी जिवंत सुटली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी पुढे कित्येक वर्षं त्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की काही मुलं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळतात, पण त्या खेळात मजा नसते, बदल होत नाही, शेवट नेहमी तोच. असा खेळ मुलाला मोकळं करत नाही, उलट भीती आणखी घट्ट करतो.

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं ध्यानात ठेवावं. मूल मरणाचा, अपघाताचा, भांडणाचा खेळ खेळतंय म्हणून घाबरू नका, ओरडू नका. त्या खेळात हळूहळू काही बदलतंय का, एवढं बघा. कुणी वाचवायला येतंय का, दार किलकिलं होतंय का. बदलत असेल, तर ते मूल आपलं काम करतंय. आठवडेच्या आठवडे तोच खेळ, तसाच गोठलेला असेल. किंवा मुलाने खेळणंच सोडलं असेल, झोप-खाणं-शाळा बिघडली असेल, तर जाणत्या माणसाकडे जा. साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांना ही पद्धत लागू पडते. आधी शरीराची तपासणी जरूर करा, कारण प्रत्येक पोटदुखी मनाची नसते. आणि पाटीवर 'प्ले थेरपी' लिहिलं आहे तेवढ्यावर जाऊ नका. शिक्षण कुठे झालं, मुलांबरोबर किती वर्षं काम केलं, हे स्पष्ट विचारा. चांगलं माणूस त्याचा राग मानत नाही. जवळपास कुणीच नसेल, तर सरकारची टेली मानस ही सेवा आहे, १४४१६. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि ज्यांच्या घरी सगळं ठीक आहे, त्यांनीही आठवड्यातला अर्धा तास काढून बघा. त्याला थेरपी म्हणू नका. नुसतं जमिनीवर बसा. आपल्यापैकी काहींची मुलं मोठी झाली असतील, पण काहींना पुतणे-भाचरं आहेत, एक-दोघांना नातवंडंही झाली, अभिनंदन! प्रश्न न विचारता तीस मिनिटं बसणं हे मला वाटलं त्यापेक्षा फार अवघड गेलं.

शेवटची एक सूचना. आपली तुकडी शाळेला काहीतरी देणार आहे. प्रोजेक्टर, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी अशी यादी मी वाचली. सगळं गरजेचं आहे. त्यात माझ्याकडून एक ओळ घालावी. प्राथमिक विभागासाठी एक वाळूचा हौद, खेळण्यांचा एक पेटारा, आणि शाळेतल्या एका शिक्षिकेचं या विषयातलं रीतसर प्रशिक्षण. शिक्षिकेने उपचार करावेत असं नाही. कुठल्या मुलाला मदत लागते आहे, ते तिला ओळखता यावं. खेळणं हा मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत लिहिलेलं आहे, एकतिसाव्या कलमात. भारताने ती १९९२मध्ये स्वीकारली. हौदाचा खर्च मी करते. फक्त तो कुलपात ठेवू नका.

इथे बोलण्याआधी मी त्या बाईंना फोन केला होता. भूकंपाच्या खेळाची गोष्ट सांगितली, तर चालेल ना? बाई म्हणाल्या, "अगं, मला तर काहीच आठवत नाही. त्या दिवशी मला बहुतेक ओरडायचा कंटाळा आला असेल."

बाई, तुम्ही ओरडला नाहीत, एवढं माझ्या भावाला पुरलं.